‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ म्हणजे नक्की कोणाचे?

प्रबंध हाताला लागला की तुम्ही आधी कुठलं पान उघडता? अनुक्रमणिका? निष्कर्ष? मी ऋणनिर्देश उघडते. शोधगंगेवर तर सोयच आहे. तिथे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत चढवलेले असतात आणि ऋणनिर्देशाची बहुतेक वेळा वेगळी फाईल मिळते. कंटाळा आला की मी त्या फायली वाचत बसते. संशोधक माणूस म्हणून कसा आहे ते तिथे कळेल, अशी आशा असते. बहुतेक वेळा कळत नाही, कारण सगळे ऋणनिर्देश एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. आधी मार्गदर्शक, ‘ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय’. मग प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, नवरा किंवा बायको, लहान मूल असेल तर त्याच्या वाट्याचा वेळ घेतल्याबद्दल दिलगिरी, सुबक टंकलेखन करून देणारे. आणि शेवटी ती ओळ: ‘या कामी मदत करणाऱ्या ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार.’

हा साचा फक्त आपल्याकडचा नाही. केन हायलंड या भाषाअभ्यासकाने २००४ च्या आसपास हाँगकाँगमधल्या विद्यापीठांतले २४० ऋणनिर्देश तपासले. त्याला तीन टप्पे दिसले: आधी प्रवासाबद्दल चिंतन, मग प्रत्यक्ष आभार, शेवटी जबाबदारीची कबुली किंवा अर्पण. यातला फक्त मधला टप्पा अनिवार्य, बाकीचे असले तर असले. त्याने या प्रकाराला दुर्लक्षित सिंड्रेला म्हटलं होतं: सगळे लिहितात, अभ्यास कोणी करत नाही. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा लेख मिळवून वाचा, छोटा आहे.

पण आज माझी तक्रार साच्याबद्दल नाही, त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. ‘ज्ञात-अज्ञात’मधले ज्ञात लोक आपल्याला ज्ञात असतात, तर त्यांची नावं का नसतात? दुसऱ्यांच्या प्रबंधांवर बोलण्याआधी माझ्याच मसुद्यापासून सुरुवात करते, कारण मी तेच केलं होतं आणि त्यात आपटले.

माझ्या कामाचा एक भाग यवतमाळ जिल्ह्यातल्या तान्हा पोळ्याच्या लाकडी नंदीवर आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळा अमावस्येला, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा घेतात, म्हणजे पैसे, खाऊ, जे मिळेल ते. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघूजींनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगितलं जातं. वीतभर नंदीपासून दोन माणसांनी उचलावा लागेल एवढ्या नंदीपर्यंत सगळी मापं बघायला मिळतात. माझा प्रश्न साधा होता: हे नंदी घडवतात कसे? पाय धडाला जोडतात कसे? चाक कुठे, कशावर फिरतं?

वाटलं होतं, गावोगावच्या वाढयांकडे जाऊ (आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात), बसू, विचारू. गेलेही. पण बरेच वाढई आता दारं-खिडक्या आणि प्लायवूडच्या कामात आहेत. पोळ्याच्या आधी मागणी आली तर नंदी करतात, पण बसून समजावून सांगायला वेळ कोणाला? समजावून सांगणारे भेटले ते दुसरेच लोक. निवृत्तीनंतर अंगणात टिनाच्या शेडखाली पटाशी आणि रंधा घेऊन बसणारे, नातवासाठी पहिला नंदी करणारे, आणि तो करताना मोबाईल विटांवर टेकवून व्हिडिओ काढून सगळ्यांसाठी टाकणारे. हौशी लोक. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात म्हणतात ना, तसं: ते हौशे, आणि काहीतरी सापडेल म्हणून हिंडणारी मी गवशी.

त्यातले एक काका, दारव्ह्याकडचे, आयुष्यभर एसटीच्या गाड्यांखाली पाना घेऊन काम केलेले. त्यांच्या एका व्हिडिओमुळे माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. नंदीचं धड कोरताना लाकडाचे रेषे शेपटीकडून तोंडाकडे, म्हणजे आडवे ठेवावे लागतात, नाहीतर लांबी मिळत नाही. त्याच ठोकळ्यातून पाय कोरले तर पायातही रेषे आडवेच येतात. मग पाय म्हणजे आखूड आखूड रेषांची चळत. पोराने नंदी ओट्यावरून पाडला की पाय कटकन तुटतो, आणि तो रेषांच्या दिशेनेच तुटतो. काकांनी उपाय केला तो असा: चारही पाय वेगळे करायचे, उभ्या रेषांच्या लाकडाचे. पायाच्या वरच्या टोकाला गोल खुंटी काढायची. धडाला पोटापासून पाठीपर्यंत आरपार भोक पाडून खुंटी त्यात घालायची, तिचं टोक पाठीवर आलं की त्याला चीर देऊन वरून पाचर ठोकायची. पाठीवर पाचर दिसते, पण पोळ्याच्या दिवशी वरून झूल येते, सगळं झाकलं जातं.

पाचरीबद्दल काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचर कुठल्या दिशेने ठोकायची? पाचरीची चीर धडाच्या रेषांना आडवी हवी, म्हणजे खुंटी फाकते ती रेषांच्या लांबीच्या दिशेने, आणि तिथे लाकूड तो दाब सोसतं. चीर रेषांच्या दिशेनेच दिली तर खुंटी फाकून धडच उभं चिरतं. हे त्यांना कसं कळलं? पहिल्या नंदीचं धड चिरलं म्हणून. तो चिरलेला नंदी त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला आणि हसत सांगितलं की हा असा करू नका.

पाचर लागते का, याचंही कारण आहे. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. साग तसा शहाणा, पण ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वलयांना आडव्या दिशेने साधारण अडीच टक्के आटतो आणि वलयांच्या दिशेने त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे गोल खुंटी काही वर्षांत किंचित लांबट होते, गोल भोकही तसंच, पण वेगळ्या दिशेने. त्यात यवतमाळचा मे महिना आणि मग जुलैचा दमटपणा. पाय खुळखुळायला लागतो. फेविकॉल थोडे दिवस धरतो, पाचर जास्त दिवस धरते.

आता माझा गुन्हा. मसुद्यात मी हे सगळं घेतलं आणि लिहिलं: ‘जिल्ह्यातील पारंपरिक लाकडी नंदीचे पाय स्वतंत्रपणे घडवून पाचरीच्या साहाय्याने धडास जोडले जातात, असे क्षेत्रपाहणीत आढळले.’ एका चर्चासत्रात ते वाचलंही. कोणी काही विचारलं नाही. विचारणार काय? वाक्य किती भारदस्त आहे बघा. ‘क्षेत्रपाहणीत आढळले.’ जणू मी दहा गावं हिंडले आणि दहाही ठिकाणी पाचर सापडली.

पुढे काकांना प्रत्यक्ष भेटायला गेले, तेव्हा मोठ्या कौतुकाने त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “जुनं कायचं वं पोरी, ते तं माह्यं डोकं आहे.”

नातवाच्या नंदीचा पाय तुटला, म्हणून त्यांनी ही रीत शोधली होती. त्यांच्या लहानपणचे नंदी अखंड ठोकळ्यातलेच होते, पाय आखूड आणि जाड. नंतर मी जुने नंदी शोधून पाहिले, ज्या घरांत अजून माळ्यावर आहेत तिथे. मला भेटले त्यांत पाचर नव्हती. पाय अखंड होते, नाहीतर खालच्या पाटाला खिळ्यांनी ठोकलेले.

इथे काय झालं ते नीट बघा, कारण उद्या तुम्हीही हेच करणार आहात. मी चोरी केली असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं. वाक्यं माझी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम घ्या: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे साठ टक्क्यांपर्यंत आणि त्याहून वर अशा पायऱ्या आणि त्यांच्या शिक्षा. माझं साम्य शून्य होतं. व्हिडिओतली पटाशीची हालचाल आणि वऱ्हाडीतलं बोलणं मी प्रमाण मराठीत आणलं, तर सॉफ्टवेअर काय पकडणार? गंमत म्हणजे त्याच नियमांत साम्य मोजताना जे भाग वगळायला सांगितलेत, त्यांत ऋणनिर्देशही आहे. म्हणजे ते पान कोणी तपासतच नाही. तिथे तुम्ही सगळ्या जिल्ह्याचे आभार माना नाहीतर कोणाचेच मानू नका.

पण माझी चूक ‘संदर्भ द्यायचा राहिला’ एवढीच नव्हती. खरा घोळ ‘पारंपरिक’ या शब्दात आहे. हा शब्द आपण आदराने वापरतो, निदान तसं आपल्याला वाटतं. पण एखाद्या माणसाने गेल्या काही वर्षांत डोकं चालवून काढलेल्या युक्तीला ‘पारंपरिक’ म्हटलं की त्या माणसाचं नाव लिहायची गरजच संपते. परंपरेला लेखक नसतो. लोककलेवरच्या, हस्तकलेवरच्या आपल्या कितीतरी लेखांत हा शब्द हेच काम करतो. आदर दाखवत दाखवत कर्ता पुसून टाकतो. आणि वर निष्कर्षही चुकतो. मी परंपरेबद्दल खोटं लिहिलं आणि काकांबद्दल काहीच लिहिलं नाही. दोन्ही चुका एकाच शब्दाने झाल्या.

हे जुनं दुखणं आहे. स्टीव्हन शेपिन या विज्ञानाच्या इतिहासकाराचा ‘अदृश्य तंत्रज्ञ’ या विषयावरचा १९८९ चा लेख आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत उपकरणं चालवणारे, मोजणारे, प्रसंगी स्फोटात जखमी होणारे मदतनीस होते. पण लिखाणात ते बहुतेक निनावी. हूक आणि पापँ यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ते पुढे स्वतःच्या बळावर नावारूपाला आले. बाकीचे ‘ज्ञात-अज्ञात’.

आता याच्या उलट टोकाला हौशी लाकूडकामवाले बघा. त्यांच्यात मला एक सवय दिसली, जी आपल्या विभागांत क्वचित दिसते. व्हिडिओच्या पहिल्या मिनिटातच ते सांगतात: हे मी अमुक माणसाचं बघून शिकलो, फक्त इथे हा बदल केला. सगळेच सांगतात असं नाही. पण पुष्कळ सांगतात, आणि त्यासाठी त्यांना कोणी गुण देत नाही.

एक उदाहरण देते, जरा लांबचं आहे, पण संदर्भ शोधण्याचा धडा म्हणून छान आहे. फळीला दोन स्क्रू लावून केलेला, टेबलावर ठेवायचा एक शिकंजा आहे. जगभरचे हौशी सुतार त्याला ‘मॉक्सन’ म्हणतात. जोसेफ मॉक्सन हा लंडनचा मुद्रक, पृथ्वीगोल आणि नकाशे करणारा. १६७० च्या दशकाअखेर त्याने हातकामावर हप्त्याहप्त्याने पुस्तक छापलं, त्यात सुतारकामही होतं. २०१० च्या सुमारास ख्रिस्तोफर श्वार्ट्झ या अमेरिकन लेखक-सुताराने त्या पुस्तकातल्या चित्रावरून शिकंजा करून दाखवला आणि तो घराघरांत गेला. श्वार्ट्झने स्वतःचं नाव लावलं नाही, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव त्याला मिळालं. आणि या मंडळींनी तिथेच थांबायचं नाकारलं. मॉक्सनच्या चित्रांचा मागही त्यांनी काढला, तर ती आंद्रे फेलिबियां या फ्रेंच लेखकाच्या १६७६ च्या ग्रंथातल्या चित्रांवरून उचललेली निघतात. म्हणजे ज्याच्या नावाने आभार, त्यानेच आभार मानले नव्हते! हे कोणाला कळलं? ज्यांना तो शिकंजा खरोखर करायचा होता त्यांना. चित्र आणि मजकूर जुळेना, म्हणून ते मागे मागे गेले.

दुसरी सवय चुका दाखवण्याची. कॅनडात मॅथियास वँडेल म्हणून एक इंजिनीअर आहे, लाकडाची यंत्रं करतो. तो निरनिराळे सांधे करून मुद्दाम मोडतो, कोणता किती भाराला मोडला ते मांडतो, आणि आपला अंदाज चुकला तर तेही मांडतो. आमच्या काकांचा चिरलेला नंदी याच जातीचा. आपण प्रबंधात चिरलेला नंदी दाखवतो का? आपल्याकडे सगळे नंदी पहिल्या फटक्यात उभे राहतात.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. पहिला, ‘व्हिडिओ सगळ्यांसाठीच टाकलाय ना, मग परवानगी कसली आणि आभार कसले?’ सार्वजनिक असणं आणि बेवारस असणं यात फरक आहे. गावच्या विहिरीचं पाणी सगळ्यांनी भरावं, पण विहीर मी खणली असं सांगू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो एका मैत्रिणीने घेतला. तिचं म्हणणं, तू हौशी माणसाला श्रेय देत सुटलीस, पण पिढीजात वाढयाचं काय? निवृत्त नोकरदार पटाशी धरतो तेव्हा तो ‘कलाकार’, वाढई धरतो तेव्हा ‘कारागीर’. त्याच्याकडे व्हिडिओ काढायला वेळ नाही म्हणून तुझ्या तळटीपेतही तो येणार नाही. हे बोलणं मला लागलं, कारण बरोबर आहे. जुन्या गावगाड्यात सुतार हा मानाचा बलुतेदार. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला, तो उपकार नव्हता, हक्क होता. त्या व्यवस्थेच्या जातीच्या चौकटीचं मला काही कौतुक नाही. पण एवढं खरं की कोणाचं काय देणं लागतो, हे तिथे मोघम नव्हतं. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांना धान्य’ असं म्हणून खळ्यावरून कोणी घरी गेलं नसतं.

म्हणून मी परत काकांकडे गेले आणि विचारलं, पाचर कुठून सुचली? ते थांबले. म्हणाले, वखराचं रुमणं ढिलं झालं की गावचा वाढई पाचर मारायचा, ते लहानपणी शेजारी बसून पाहिलं होतं. कुऱ्हाडीच्या दांड्यालाही मारतातच. म्हणजे ‘माह्यं डोकं’ हेही अर्धंच खरं होतं. पाचर मारायची रीत जुनी, वाढयांची. ती उभ्या रेषांच्या वेगळ्या पायाला जोडून नंदीत आणणं काकांचं. माझं ‘पारंपरिक’ चूक होतं आणि नुसतं काकांचं नाव टाकून मी मोकळी झाले असते तर तेही अपुरं होतं. आभार मानायला बसले आणि निष्कर्ष दुरुस्त झाला, हे माझ्या अपेक्षेत नव्हतं.

आता व्यवहाराचं बोलू. तुम्ही अशा कोणाकडून काही घेतलंत, तर ऋणनिर्देशाच्या आधी ते मजकुरात आलं पाहिजे, जिथे घेतलं तिथेच. व्हिडिओ असेल तर कोणता, कधीचा आणि कितव्या मिनिटाला, हे लिहा. संदर्भाच्या प्रचलित शैलींत त्याची सोय आहे, एपीएमध्ये तर वेळ लिहायचीच पद्धत आहे. तुमच्याकडे त्याची प्रत ठेवा, कारण हौशी माणूस एक दिवस फोन बदलतो आणि सगळं गायब होतं. काय जसंच्या तसं घेतलं आणि काय तुम्ही ताडलं, ते वेगळं ठेवा. आणि नाव द्यायचं का, हे त्यांना विचारा. हे मी विसरले होते. काकांना पूर्ण नाव इंटरनेटवर नको आहे, म्हणून इथे नाही. प्रबंधात चालेल म्हणाले, तिथे आहे. काहींना टोपणनावच हवं असतं, काहींना नुसतं गावाचं नाव. त्यांनी सांगितलं तसं करा. तुमच्या मार्गदर्शकांना हा प्रकार नवा वाटेल. माझ्यांना वाटला, मग त्यांनी तळटीप दोन ओळींनी कमी करायला सांगितली आणि मान्य केलं.

माझं वाक्य आता असं आहे: ‘पाहिलेल्या जुन्या नंदींमध्ये पाय धडाशी अखंड किंवा पाटाला खिळ्यांनी ठोकलेले आढळले. उभ्या रेषांचे स्वतंत्र पाय आरपार खुंटी व पाचरीने बसवण्याची पद्धत ही दारव्हा तालुक्यातील एका हौशी लाकूडकाम करणाऱ्याने नातवाच्या नंदीचा पाय तुटल्यानंतर विकसित केली. पाचरीची कल्पना त्यांनी शेतीच्या अवजारांना पाचर मारणाऱ्या गावच्या वाढयांकडून घेतल्याचे ते सांगतात.’ खाली तळटीप, त्यात नाव, तारीख, मिनिट. पहिल्या वाक्याइतकं भारदस्त नाही. ‘आढळले’ एकदाच आलंय.

ऋणनिर्देशातली ती शेवटची ओळ मी काढली. तिच्या जागी सहा लोकांची यादी आली, प्रत्येकापुढे नेमकं काय शिकले ते अर्ध्या ओळीत. पान दीड झालं. टंकलेखन मी स्वतः करते, त्यामुळे एक नाव वाचलं.

ते पान छापून काकांना दिलं. आठ दिवसांनी परत आलं, पेन्सिलीची एक खूण केलेली. तळटीपेत मी ‘सागाची पाचर’ लिहिलं होतं. त्यांनी ‘साग’वर काट मारून शेजारी लिहिलं होतं: बाभूळ.